घरी चालेल असं सॉफ्टवेअर पोरांना द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या पोरांना शिकवतो. प्रॅक्टिकलच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्याकडे फक्त लॅबमधल्या मशीनपुरतं, संध्याकाळी लॅबला कुलूप लागलं की कल्याण-विरारकडे जाणाऱ्या पोरांनी घरी सराव करायचा कसा? मग पेनड्राइव्हवरून क्रॅक कॉपी, म्हणजे लायसन्स तोडलेली चोरीची प्रत, फिरते, सोबत व्हायरस फिरतो आणि आपण सगळे माहीत असून गप्प. मला हे अजिबात पटत नाही, कारण चोरीची गरजच नाहीये.

जीएनयू ऑक्टेव्ह हे गणितं सोडवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि मॅटलॅब या तशाच विकतच्या सॉफ्टवेअरच्या साध्या फाइल्स त्यात बहुतेक वेळा जशाच्या तशा रन होतात. मुळात ते केमिकल रिअ‍ॅक्टर डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच सुरू झालं होतं! ट्रसचं, म्हणजे पुलाच्या किंवा छपराच्या त्रिकोणी सांगाड्याचं गणित घ्या, प्रत्येक जॉइंटची समीकरणं मॅट्रिक्समध्ये भरायची, ए बॅकस्लॅश बी ही समीकरणं सोडवायची कमांड टाइप करायची की सगळ्या मेंबरमधले (दांड्यांमधले) फोर्स समोर, मग एका जॉइंटवरचा लोड वाढवून परत रन करायचं, कुठला मेंबर ताणला जातोय आणि कुठला दाबला जातोय हे पोरांना तेव्हा खरं कळतं. सायलॅब हे असंच दुसरं फुकट सॉफ्टवेअर, त्यात फाइलमध्ये थोडे बदल करावे लागतात, पाय (π) लिहिताना त्याच्या आधी टक्क्याचं चिन्ह लागतं वगैरे, पण त्यातल्या एक्सकॉसमध्ये ब्लॉक जोडून कंट्रोल सिस्टीमचं सिम्युलेशन होतं. फ्लुइडच्या प्रवाहाच्या सिम्युलेशनसाठी ओपनफोम आहे, 2004 पासून ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. शिकायला जड आहे, पण जमतं.

आणि मदत तर इथेच पवईत आहे. शिक्षणात ओपन सोर्स वापरायला मदत करणाऱ्या आयआयटी बॉम्बेच्या फॉसी प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडूनच सायलॅबमध्ये कोड करून घेतलीत, कॉलेजची लॅब ओपन सोर्सवर आणायलाही ते मदत करतात, शिवाय आयआयटीचेच स्पोकन ट्युटोरियल हे व्हिडिओ धडे मराठीतूनही आहेत. केंद्र सरकारच्या पैशातून झालेलं हे काम आपल्याच शहरातल्या कॉलेजांनी वापरू नये याचं फार वाईट वाटतं.

अडतं कुठे, तर परीक्षेत. माझ्या एका विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर, ग्राफ बरोबर, तरी एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, ऑक्टेव्हचं आउटपुट बघून मार्क कापले, कारण लॅबच्या मॅन्युअलमध्ये दुसरं सॉफ्टवेअर लिहिलंय. विद्यापीठाला माझं सांगणं, सिलॅबसमध्ये सॉफ्टवेअरचं नाव न टाकता विद्यार्थ्याला काय सोडवता आलं पाहिजे तेवढंच लिहा, आणि ऑक्टेव्ह, सायलॅब चालेल असं परीक्षकांना लेखी कळवा. पुढची टर्म सुरू व्हायच्या आत हे सर्क्युलर निघावं, एवढी मागणी आहे.

— एक प्राध्यापक, बोरिवली