हातपंप पुन्हा बसवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विजेचं जाळं दीर्घकाळ कोसळलं तर काय, या विषयावर सध्या बरंच बोललं जातं. त्यातला बहुतेक भर मोबाइल, इन्व्हर्टर आणि दिवे वाचवण्यावर असतो. विदर्भातल्या खेड्यापुरता हा क्रम चुकीचा आहे. इथं पहिल्याच दिवशी पाणी तुटतं. नळयोजनेची टाकी सकाळी रिकामी होते, बोअरमध्ये पाणी असतं, पण वर काढायला मोटारीशिवाय काही उरलेलं नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत गावोगावचे हातपंप उखडून त्याच बोअरमध्ये पाण्याखाली चालणाऱ्या सबमर्सिबल मोटारी सोडल्या गेल्या. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

आधी धोक्याबद्दल, कारण इथं उंचावरच्या अणुस्फोटाचा झटका आणि सूर्याचं वादळ या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुचाचणी केली, तेव्हा साधारण १,४५० किलोमीटर दूर होनोलुलूतले काही रस्त्यांवरचे दिवे गेले. अशा स्फोटाचा पहिला झटका सेकंदाच्या अब्जांश भागात येतो आणि लांब तारेवर चढून तिच्या टोकाची इलेक्ट्रॉनिक वस्तू जाळतो. सूर्याच्या वादळात हा झटका नसतोच. तिथं जमिनीतून हळू बदलणारा, जवळजवळ डीसी प्रवाह वाहतो, तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलमधून आत शिरतो, लोखंडी गाभा चुंबकत्वाने पूर्ण भरतो (संपृक्त होतो) आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात असंच होऊन ६० लाख लोक ९ तास अंधारात होते. त्या वादळाने कुणाच्या घरातला रेडिओ जळला नाही. म्हणून सूर्याच्या वादळाच्या भीतीने मोबाइल डब्यात ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे सूर्याच्या वादळाचा धोका कॅनडापेक्षा पुष्कळ कमी आहे, कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्याच देशाच्या दक्षिण टोकावरून, तिरुनेलवेलीजवळून जातं. गावच्या डीपीचं, म्हणजे लहान ट्रान्सफॉर्मरचं, तर ११ केव्हीकडचं वेटोळं डेल्टा जोडणीचं असतं, त्याला अर्थची वाटच नाही, त्यामुळे तो हळू प्रवाह तिथून आत जात नाही. पण वरचे ४०० आणि ७६५ केव्हीचे ट्रान्सफॉर्मर गेले, तर डीपी शाबूत असून उपयोग काय? तसला नवा ट्रान्सफॉर्मर बाजारात तयार मिळत नाही, बनवून घ्यावा लागतो आणि त्यात वर्षही जातं.

‘कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आपल्याच उशाशी आहेत, आपल्याला वीज कशी कमी पडेल’ असं कायम ऐकू येतं. औष्णिक केंद्र स्वतःच्या जिवावर सुरू होत नाही. कोळसा दळायच्या चक्क्या, बॉयलरचे पाण्याचे पंप, पंखे हे सगळं चालायला आधी बाहेरून वीज लागते. ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, पूर्ण कोसळली की जलविद्युत केंद्र आधी चालू करून तिथली वीज औष्णिक केंद्रापर्यंत न्यावी लागते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला तेव्हा पश्चिम ग्रिड वाचली होती. ३१ डिसेंबर २०१३ पासून दक्षिणही जोडली गेली आणि देश एका ग्रिडवर आला. त्याने रोजचा पुरवठा सुधारला, पण मोठा बिघाड आता फार दूर पसरू शकतो.

आता पाण्याचा हिशेब. इंडिया मार्क-२ हातपंप चांगल्या स्थितीत असेल तर मिनिटाला ४० दांडे मारून साधारण १२ लिटर पाणी देतो. दिवसाला १० तास चालला तर ७,२०० लिटर. माणशी पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम धुणं धरून १५ लिटर लागतात, म्हणजे एका पंपावर ४८० माणसं. दीड हजार वस्तीच्या गावाला जेमतेम ३ आणि बिघाडासाठी राखीव १, असे ४ पंप हवेत. आपल्या गावात चालू स्थितीतले किती आहेत ते मोजून पाहा.

बोअरमधली मोटार काढायची गरज नाही. ६ इंची बोअरमध्ये खाली सबमर्सिबल आणि वर हातपंपाचा सिलिंडर, अशी दुहेरी पंपाची पद्धत आपल्याच जिल्ह्यांत वाड्या-पाड्यांवर वापरली गेली आहे. चूक होते ती सिलिंडरच्या खोलीत. तो मे महिन्यातल्या पाणीपातळीच्याही ३-४ मीटर खाली बसवावा लागतो. पावसाळ्यात पातळी मोजून बसवला तर नेमका उन्हाळ्यात हवा ओढतो आणि ‘बोअर आटली’ असा समज होतो. साधा मार्क-२ सुमारे ४५ मीटरपर्यंत चालतो, त्याखाली दांडा इतका जड होतो की बायका आणि म्हातारी माणसं तो मारू शकत नाहीत. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाणी याच्या कितीतरी खाली गेलं आहे, तिथं हातपंपाचा आग्रह धरू नये. तिथं उंच टाकी नेहमी भरलेली ठेवणं आणि जनरेटर हाच मार्ग. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी पिताच येत नाही. तिथं ३० चौरस मीटर टिनाच्या छतावरून ७५० मिलिमीटर पावसात गळती वजा जाता १८,००० लिटर पाणी उतरतं. पाच माणसांच्या घराला फक्त पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले तर आठ कोरड्या महिन्यांना ६,००० लिटरची टाकी पुरते. पहिल्या दोन पावसांचं पाणी आत घेऊ नये.

ढोरांचा हिशेब कुणी करत नाही, आणि तोही जवळपास माणसांइतकाच मोठा आहे. उन्हाळ्यात एका बैलाला किंवा गाईला ५० लिटर लागतात. गावात ४०० ढोरं असतील तर २०,००० लिटर, म्हणजे जवळपास माणसांच्या गरजेइतकंच आणि एका हातपंपावर २८ तासांचं काम. ते हातपंपावर होणार नाही, त्याला डिझेल लागेल. पण किती? हँडल मारून सुरू होणाऱ्या ५ एचपीच्या जुन्या इंजिनाला तासाला साधारण सव्वा लिटर डिझेल लागतं. १५ मीटर उंचीवर असा पंप सेकंदाला ८-१० लिटर पाणी फेकतो. म्हणजे सगळ्या ढोरांचा हौद ४० मिनिटांत, लिटरभर डिझेलमध्ये भरतो. २०० लिटरचा एक ड्रम, ओलिताला हात न लावता, जवळपास सहा महिने पुरतो. या इंजिनात इलेक्ट्रॉनिक काही नाही, त्यामुळे स्फोटाच्या झटक्याने त्याचं काही बिघडत नाही. कोठ्यात गंजत पडलेली इंजिनं भंगारात देऊ नका, ही हात जोडून विनंती. डिझेल वर्षभर पडून राहिलं की तळाशी पाणी आणि गाळ साचतो. दर सहा महिन्यांनी जुनं ट्रॅक्टरमध्ये वापरून नवं भरावं आणि ड्रम सावलीत, थोडा तिरपा ठेवावा.

एक जीवघेणी चूक मात्र टाळा. वरून बसवलेला पंप ६-७ मीटरपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाणी खाली गेलं की लोक इंजिनच विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत साचतो, त्याला वास नसतो, आणि खाली उतरलेला माणूस बेशुद्ध होऊन पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. इंजिन विहिरीत कधीच चालवू नये. पाणी खोल असेल तर काठावर जनरेटर आणि खाली विजेचा पंप ठेवावा. ३ एचपीची मोटार सुरू होताना कितीतरी पट प्रवाह ओढते, तिला किमान ७.५ केव्हीएचा जनरेटर लागतो. ५ केव्हीएवर ती नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग जळतं. जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच) लाइनला जोडला तर तीच वीज डीपीतून उलटी जाऊन ११ केव्ही होते आणि खांबावरचा लाइनमन मरतो.

सौर कृषी पंप ही आज गावाची सगळ्यात मोठी राखीव ताकद आहे, कारण त्याला ग्रिड लागतच नाही. त्याची दुखरी जागा कंट्रोलर, म्हणजे मोटार चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आहे. पॅनेलकडून येणारी आणि बोअरमध्ये जाणारी लांब केबल स्फोटाचा झटका गोळा करते आणि तो थेट कंट्रोलरवर आदळतो. पॅनेल आणि मोटार बहुधा तगतात. म्हणून शेजारच्या धुऱ्यावरच्या एकाच कंपनीच्या, एकाच एचपीच्या पाच पंपांमागे एक जादा कंट्रोलर सामाईक घ्यावा आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावा. एसी मोटारीचा कंट्रोलर डीसी मोटारीला चालत नाही, हे घेतानाच पाहावं. ट्रंकेच्या झाकणाची कड आणि तिची बैठक रंग खरवडून उघडी करावी आणि फटीवर सगळीकडे ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. आतून सगळीकडे पुठ्ठा हवा, वस्तू पत्र्याला टेकता कामा नये, आणि बाहेर एकही तार जाऊ नये. अर्थिंगची गरज नाही. आत एफएम रेडिओ मोठ्याने लावून झाकण बंद करा. गाणं ऐकू येतच राहिलं तर फट राहिली आहे, नुसती खरखर ऐकू आली तर ट्रंक ठीक. त्याच ट्रंकेत एक बॅटरीवरचा रेडिओ आणि एक छोटा सोलर चार्जर ठेवावा.

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवलेल्यांना एक गोष्ट सांगणं भाग आहे. नेट मीटरचा साधा इन्व्हर्टर ग्रिड गेली की भर उन्हातही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी तो तसाच बनवलेला असतो, तो बिघाड नव्हे. लाइन नसताना वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. १२ व्होल्ट १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीतून निम्मीच, म्हणजे ९०० वॅट-तास वापरावी. ९ वॅटचे तीन दिवे पाच तास लावले तर १३५ वॅट-तास जातात. बॅटरी उतरलेली ठेवून दिली की महिन्या-दोन महिन्यांत तिच्या पट्ट्या कायमच्या खराब होतात.

काळ्या मातीतल्या अर्थिंगकडे लक्ष द्यावं. उन्हाळ्यात माती भेगाळते, सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. झटका जमिनीत वळवणारा सर्ज अरेस्टर बसवला तरी त्याची अर्थकडे जाणारी तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब असेल तर वेगवान झटक्यापुढे तो कुचकामी ठरतो. आपल्याकडे वीज पडून जेवढं नुकसान होतं तेवढ्यासाठीसुद्धा ही दुरुस्ती करावीच.

विहिरीचं पाणी शुद्ध करताना अंदाज नको. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, की लिटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅमप्रमाणे १४० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लागते. ती बादलीत कालवावी, गाळ बसू द्यावा, वरची निवळीच विहिरीत सोडावी आणि तासभर थांबून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते दाखवणारी) घ्यावी. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात उघड्या पोत्यातली पावडर काही आठवड्यांत निर्जीव होते, मग प्रमाण बरोबर असूनही पाणी शुद्ध होत नाही. बंद प्लास्टिकच्या पिंपात, थंड खोलीत, तीन महिन्यांपुरतीच ठेवावी.

बाकीचं थोडक्यात. पाच माणसांना तीन महिन्यांसाठी ज्वारी-गहू मिळून १८० किलो लागतात. चक्की बंद पडली की घरातलं जातं उपयोगी पडेल, पण गुळगुळीत झालेल्या जात्यावर पीठ पडत नाही, त्याला आधी छिन्नीने टाकी मारून घ्यावी, आणि ते काम येणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. इन्सुलिनसाठी मोठ्या मडक्यात ओली वाळू आणि तीत लहान मडकं, ही युक्ती मे महिन्याच्या कोरड्या हवेत चांगली चालते, पावसाळ्यात चालत नाही. सर्पदंशावरची भुकटीची लस फ्रिजशिवायही टिकते, द्रवरूप लस नाही. आपल्या आरोग्य केंद्रात कोणती आहे ते विचारून ठेवावं.

ग्रामसभेत ठराव मांडायचा तर तो हातपंपाचा मांडा. वित्त आयोगाच्या बंधित निधीत पिण्याच्या पाण्याचा वाटा असतोच. ठरावात पंपासोबत सुटे भागही लिहून घ्या, कारण पंप बंद पडतात ते बहुधा वायसरपायी. दर पंपामागे बकेट वायसरचे तीन जोड, एक साखळी, एक बेअरिंग जोड, दोन कनेक्टिंग रॉड आणि ग्रीसचा डबा, शिवाय गावात एक पाइप पकड आणि पाइप उचलायचा सांगाडा हवा. वायसर उन्हात ठेवले तर कडक होऊन चिरतात, ते डब्यात बंद ठेवावेत. आणि पाइप ओढून वायसर बदलणं गावातल्या किमान चौघांना, त्यात दोन बायकांना, येत्या उन्हाळ्याआधी शिकवून घ्यावं.

आपले,
दोन निवृत्त वीज कर्मचारी
ता. आर्वी, जि. वर्धा