‘जुना पार्ट घेऊन या’ म्हणणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार वि. वि.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्यांतल्या सुपाऱ्या आणि माड आडवे केले. त्यानंतर अनेक घरांत चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, आली. कुणी नावाजलेल्या कंपनीची घेतली, बहुतेकांनी ५२ किंवा ५८ सीसीची आयात मशीन. विकणारे पुष्कळ होते, पण ती बिघडल्यावर काय करायचं हे सांगणारं सुट्या भागांचं तुमचं एकच काउंटर होतं. पार्ट विकण्याआधी तुम्ही दोष शोधायला लावलात. तुमचे आभार जाहीरपणे मानायचे ते यासाठी. आणि जे शिकवलंत ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे नव्या माणसाच्याही हाती लागेल.

‘मशीन चालू होत नाही, कार्बोरेटर द्या’ असं म्हटलं की तुमचा ठरलेला प्रश्न यायचा, “प्लग ओला की कोरडा?” आठ-दहा वेळा दोरी ओढायची आणि प्लग काढून बघायचा. कोरडा निघाला तर पेट्रोल वर येत नाही. अशा वेळी टाकीतला फिल्टर, मग पाइप, मग कार्बोरेटरचे पडदे, याच क्रमाने जायचं. पाइप टाकीच्या भोकाशी चिरतो आणि ती चीर वाकवल्याशिवाय दिसत नाही. दहा मिनिटं चालून मशीन दम टाकत असेल तर टाकीचं झाकण किंचित सैल करून पुन्हा चालवायची. सुरळीत चालली तर टाकीचा हवेचा व्हेंट तुंबलेला आहे. एवढ्यावर काम भागत असेल तर पार्ट लागतच नाही.

प्लग ओला असेल तर ठिणगी तपासायची. प्लगचा धातू सिलिंडरला टेकवायचा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. प्लगच्या टोकांमधली गॅप ०.५ मिमी. ठिणगी नसली तर कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) विकत घेण्याआधी स्विचची वायर काढून पाहायची. स्विच बॉडीला शॉर्ट असतो आणि बळी जातो कॉइलचा. कॉइल बदललीच, तर फ्लायव्हीलच्या चुंबकापासून तिचं अंतर ०.३ मिमी ठेवायचं. मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळायचे, हे तुम्ही काउंटरवरच करून दाखवायचात.

सगळ्यात जास्त पैसे वाचवले ते त्या पडद्याने. कार्बोरेटरचं चार स्क्रूंचं झाकण काढलं की खाली काळा, मध्ये धातूची टिकली असलेला पडदा दिसतो. नवा पडदा बोटांत धरला तर फडक्यासारखा लवतो. जुना कानाशी धरून दाबला तर पापडासारखा करकरतो. तो कडक झाला की खालची तरफ पुरेशी दबत नाही, सुई उघडत नाही, आणि रेस देताच मशीन बंद पडते. अशा वेळी अख्खा कार्बोरेटर लागत नाही, त्याच्या दुरुस्तीचं किट पुरतं. मात्र किट मशीनच्या नावावर मागायचं नाही. कार्बोरेटरच्या अंगावर वॉलब्रो किंवा झामा या कार्बोरेटर कंपनीचा कोरलेला नंबर असतो, तो सांगायचा. वॉलब्रोमध्ये डी ने सुरू होणारं किट म्हणजे फक्त पडदे आणि गॅस्केट. के ने सुरू होणाऱ्यात सुई, तरफ, जाळी हेही येतं. बसवताना गॅस्केट आणि पडदा यांचा क्रम उलटला तर नवं किटही चालत नाही, म्हणून उघडतानाच मोबाइलवर फोटो काढायचा.

पडदे लवकर का जातात, तर पेट्रोलमुळे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण महिनाभर टाकीत राहिलं की रबर बिघडतं. म्हणून तुमचा नियम: लागेल तेवढंच कालवा, काम संपलं की टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत मशीन चालवा. चांगलं टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल असेल तर लिटरला २० मिली. माहितीपुस्तिकेत २५:१ लिहिलेल्या आयात मशीनला लिटरला ४० मिली. अंदाजाने झाकणभर ओतणाऱ्यांना तुम्ही मोजमापाची बाटली फुकट दिलीत, ती आजही घरोघरी आहे.

पिस्टन मागायला आलेल्याला तुम्ही कधीही लगेच पिस्टन दिला नाहीत, याचे आभार सर्वांत मोठे. सायलेन्सर काढायचा आणि भोकातून विजेरी मारायची. पिस्टनवर उभे ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर तेल कमी पडलंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ गेलीय. हवा शिरते ती बहुधा कार्बोरेटरमागच्या रबरी मॅनिफोल्डमधून किंवा क्रँकच्या सीलमधून. तिची खूण अशी की रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही. ती गळती न शोधता नवा पिस्टन टाकला की तोही तसाच जळतो. मॅनिफोल्ड पिस्टनच्या मानाने किती स्वस्त असतो!

आयात मशीनच्या पिस्टनबाबत आणखी एक. ५२ सीसीचा ४५ मिमी आणि ५८ सीसीचा ४५.२ मिमी. डोळ्यांना फरक कळत नाही, आणि स्टिकर काहीही असू शकतं. म्हणून व्हर्नियरने सिलिंडर मोजूनच मागायचा. बसवताना बाण सायलेन्सरकडे, रिंगचं तोंड खाचेतल्या पिनेवर, आणि सर्कलिप (पिस्टनची पिन अडवणारी कडी) दर वेळी नवी. जुनी सर्कलिप सुटली तर सिलिंडर गेलाच.

क्लचबद्दल थोडक्यात: आटे उलटे असतात, काढताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून गाठ मारलेली दोरी घालायची, लोखंडी वस्तू नाही. क्लच निघालाच आहे तर मागचं ऑइल पंपाचं वर्म गिअर बघून घ्यायचं. आयात मशीनमध्ये ते पुष्कळदा प्लॅस्टिकचं असतं, दात झिजले की बारला (साखळी ज्या पट्टीवर फिरते तिला) तेल पोचत नाही आणि बार निळा पडतो. बारला जळकं इंजिन ऑइल घालणाऱ्यांना तुम्ही थांबवत आलात, तेही बरंच केलंत.

साखळीचं म्हणाल, तर ‘२२ इंची द्या’ हे मागणं अपुरं, हे आता सर्वांना पाठ आहे. सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच मिळतो. त्यासोबत बारच्या खाचेची जाडी आणि त्या खाचेत बसणाऱ्या खालच्या ड्राइव्ह लिंकची संख्या सांगायची. आयात २२ इंचीला बहुधा ०.३२५ इंच पिच, ०.०५८ इंच जाडी, ८६ लिंक. २० इंचीला ७६. स्टिल कंपनीच्या एमएस १८० मॉडेलला १६ इंची बारवर ३/८ इंच लो प्रोफाइल (कमी उंचीची) साखळी, १.३ मिमी, ५५ लिंक. कानसही पिचप्रमाणे: ०.३२५ ला ४.८ मिमी, लो प्रोफाइलला ४ मिमी. कोन ३० अंश, दोन्ही बाजूंच्या दातांना सारखेच झटके. दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. तो न घासता दातच घासत राहिलं तर साखळी धारदार दिसते पण कापत नाही. चिपाऐवजी पीठ पडू लागलं की हात थांबवून कानस घ्यायची. वाळूत पडलेल्या माडाला तर ओंडक्यागणिक बघावं लागतं.

स्टिलच्या पार्ट नंबरांचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. पहिले चार आकडे मालिकेचे: ११३० म्हणजे एमएस १७० आणि १८०, ११२३ म्हणजे एमएस २५०. ०००० ने सुरू होणारा भाग अनेक मॉडेलांना चालतो. हे कळल्यापासून दुसऱ्या शहरातूनही फोनवर अचूक पार्ट मागवता येतो. त्यात तुमचा धंदा थोडा कमी झाला असणार. तरीही तुम्ही काही लपवलं नाहीत.

डुप्लिकेट कुठे चालतं, तेही सरळ सांगितलंत. एअर फिल्टर, दोरी, पाइप, झाकणं लोकल चालतील. क्रँकचे सील, रिंगा, चेन ब्रेकचा पट्टा आणि स्प्रिंग यांत काटकसर करायची नाही.

पत्र आणणाऱ्या मुलाजवळ पिशवीत जुने भाग दिले आहेत: एक करकरणारा पडदा (कार्बोरेटरचा नंबर चिठ्ठीवर), एक वर्म गिअर, आणि दोन ठिकाणी झिजलेलं ०.३२५ चं स्प्रॉकेट (साखळी फिरवणारं दातेरी चाक). स्प्रॉकेटवर दुसरी साखळी संपली, म्हणून बदलतोय. आकडे जुळवून माल द्यावा, पैसे त्याच्याकडेच आहेत.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
किनाऱ्यालगतच्या वाड्यांतले बागायतदार