शुगरच्या पेशंटला विसरण्याबद्दल पण विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितोय. माझी आई ७१ वर्षांची आहे, शुगर निघून नऊ वर्षं झाली, गोळ्या सरकारी दवाखान्यातूनच चालू आहेत. आधीच सांगतो, कुठल्या डॉक्टरची किंवा सिस्टरची तक्रार करायला हे पत्र नाही. गोळ्या फुकट मिळतात, बीपी बघतात, बोटाला टोचून शुगर बघतात, पायाला मुंग्या येतात का विचारतात. फक्त एक गोष्ट नऊ वर्षांत कुणी विचारली नाही, की आजी, अलीकडं विसरायला होतं का हो?

आम्ही घरच्यांनीही नाही विचारलं. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं, बाजारातून येताना पिशवी तिथंच राहायला लागली, भिशीचे पैसे दिले की नाही यावरून शेजारणीशी वाद झाला, आणि आम्ही म्हणत राहिलो वय झालंय.

गेल्या वर्षी आषाढीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोने मला हलवून उठवलं. आई स्वयंपाकघरात गॅससमोर उभी होती, हातात दुधाचं पातेलं, पदर घामाने चिंब आणि पातेलं कुठं ठेवायचं हेच तिला कळत नव्हतं. मला बघून म्हणाली, आण्णा तू कधी आलास. आण्णा म्हणजे तिचा भाऊ, त्याला जाऊन बारा वर्षं झालीत. शेजारच्या काकी आल्या, त्या म्हणाल्या बाहेरचं काहीतरी लागलंय, मीठ-मिरची उतरवा. नशीब, त्यांचाच पुतण्या लॅबमध्ये कामाला आहे आणि तो घरी होता, त्याने ग्लुकोमीटर आणला आणि शुगर निघाली ४१. सत्तरच्या खाली गेली की कमी म्हणतात, चोपन्नच्या खाली धोक्याची. साखरपाणी पाजलं, पंधरा-वीस मिनिटांनी आई माणसात आली आणि मलाच विचारते, तू अजून आंघोळ नाही केलीस?

आम्हाला वाटलं झालं, निभावलं. दुपारी परत शुगर खाली. तेव्हा गाडी करून शहरात नेलं आणि रात्रभर सलाईनवर ठेवलं, कारण तिच्या शुगरच्या गोळीचा असर एका साखरपाण्याने उतरत नाही, तो तासन्‌तास राहतो, हे आम्हाला तिथं समजलं.

झालं काय होतं, तर मधे एक महिना दवाखान्यात गोळी संपलेली म्हणून मी मेडिकलमधून आणली, पुढच्या महिन्यात सरकारी परत आली. औषध एकच, ग्लिमेपिराइड, पण दोन स्ट्रिपवर दोन नावं, एक गोळी गुलाबी आणि एक पांढरी. आईला अक्षरओळख नाही, ती गोळी रंगावरून ओळखते, तिने दोन्ही चालू ठेवल्या. त्यात घेतली की नाही हे आठवायचं नाही म्हणून कधी परत एक घ्यायची. आणि एकादशीला दिवसभरात पोटात काय तर वाटीभर भगर आणि दोन चहा.

साहेब, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. शुगर विसर वाढवते आणि विसर शुगर बिघडवते, आणि या दोन्हीच्या मधे उभं राहून बघणारं आपल्याकडं कुणी नाहीये.

नंतर मी डॉक्टरांना खूप विचारलं, मिळेल ते वाचलं. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली २० टक्के तो एकटा खातो आणि स्वतःजवळ साठा म्हणावा असा काही ठेवत नाही. त्यामुळं शुगर खाली गेली की सगळ्यात आधी त्याचेच हाल. आणि वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली तर डोळ्याच्या पडद्यातल्या, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या जशा खराब होतात तशाच मेंदूतल्याही होतात, कुठं कुठं रक्त अडून बारीक झटके येऊन जातात जे कुणाला कळतही नाहीत. शुगर असणाऱ्याला डिमेन्शियाचा, म्हणजे विसर वाढत जाऊन रोजचं जगणंच अवघड करणाऱ्या आजाराचा, धोका शुगर नसणाऱ्यापेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट असतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता किंवा लांबवता येण्यासारखी १४ कारणं दिली त्यात डायबिटीस आहे. पण म्हणून म्हाताऱ्या माणसाची शुगर दाबून दाबून खाली आणायची असंही नाही, अमेरिकेतल्या अकॉर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासात ज्यांची शुगर एकदम कडक ठेवली त्यांची स्मरणशक्ती काही जास्त चांगली राहिली नाही. उलट शुगर वारंवार खूप खाली जाणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये पुढं डिमेन्शियाचं प्रमाण जास्त दिसलंय. म्हणून विसर पडणाऱ्या वयस्कर पेशंटला तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी, ही टक्क्यात मोजतात) सातच्या आत आणा असा हट्ट आता धरत नाहीत, आठपर्यंत चालेल म्हणतात. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर रिपोर्टवर ६.४ बघून आम्ही पेढे नसते वाटले.

शहरातल्या डॉक्टरांनी आईला तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, नाणं. मग इकडचं तिकडचं बोलले, गावाकडं पाऊस कसाय, नातवंडं किती, आणि पाच मिनिटांनी ते तीन शब्द परत विचारले. आई म्हणाली आंबा, आणि नुसती माझ्याकडं बघत बसली. तिच्या डोळ्यात त्या वेळी जी भीती होती ती मी तिला आयुष्यात कधी बघितली नव्हती, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही.

बी-१२ जीवनसत्त्व पण तपासलं, खूपच कमी निघालं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ उतरतं, आणि आई माळकरी, अंडं-मटण कधीच नाही, त्यामुळं दुप्पट मार. आणि बी-१२ कमी असलं तरी माणूस विसरतो, पायाला मुंग्या येतात. मुंग्यांसाठी तिला दोन वर्षं मलम चालू होतं! इंजेक्शनं घेतल्यावर मुंग्या कमी झाल्या, ती जरा तरतरीत पण झाली. विसर सगळा गेला नाही, जाणारही नाही म्हणाले.

आता तुमच्या खात्याबद्दल. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरतात, सीबॅक म्हणतात त्याला. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत आणि त्यात एक प्रश्न असा आहे की तुम्ही जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का. प्रश्न आहे हे बघून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण जवळच्यांची नावं विसरायची वेळ येईपर्यंत खूप काही हातातून निघून गेलेलं असतं. आई आमची नावं आजही विसरत नाही, म्हणजे त्या फॉर्मवर तिच्यापुढं नाही असंच लिहिलं जाणार. फॉर्म दिल्लीचा आहे हे मला माहितीय. पण शुगरच्या तपासणीच्या दिवशी साठीच्या पुढच्या पेशंटला अजून दोन प्रश्न विचारायला महाराष्ट्राला कुणी अडवलेलं नाही. गोळी घेतली की नाही हे विसरायला होतं का? गोळी घेतल्यावर कधी घाम सुटून गोंधळायला झालं का? उत्तर हो आलं की डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारावेत, वर्षातून एकदा तर सगळ्यांनाच. आईसारख्या निरक्षर माणसांची परीक्षा कशी घ्यायची हा प्रश्नही नवा नाही, हरियाणातल्या बल्लभगडला अशा लोकांसाठी हिंदीतली चाचणी नव्वदच्या दशकातच तयार झालीय.

पुढचं गोळीचं. साठीच्या पुढं, किडनी कमजोर, जेवणाची वेळ नक्की नाही, उपासतापास चालू, अशा माणसाला शुगर पाडणारी गोळी देताना परत एकदा विचार व्हावा. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी साठीच्या पुढं नको असं जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधांच्या यादीतच लिहिलंय, ती आपल्याकडं कुठल्या दवाखान्यात म्हाताऱ्यांना अजून जाते का हे तुम्ही एका आदेशात तपासून घेऊ शकता. कंपनी बदलली, गोळीचा रंग बदलला तर फार्मासिस्टने जुनी स्ट्रिप मागून घ्यावी आणि मगच नवी द्यावी. याला पैसे लागत नाहीत हो. आणि मेटफॉर्मिनवर चार-पाच वर्षं काढलेल्यांची बी-१२ तपासणी जिल्ह्याच्या पातळीवर तरी फुकट व्हावी.

आशाताईंवर आधीच किती कामं आहेत ते आम्ही रोज बघतो, त्यामुळं हे फुकटात त्यांच्या डोक्यावर टाकू नका, मानधन द्या आणि ट्रेनिंग द्या. शेजारी गोव्यात २००८ च्या एका अभ्यासात स्थानिक लोकांनाच शिकवून डिमेन्शिया झालेल्यांच्या घरी पाठवलं होतं, सांभाळणाऱ्यांचा ताण त्याने कमी झाला. जे गोव्यात जमलं ते सांगलीत का नाही जमणार?

आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासात देशात १० कोटींच्या वर शुगरचे लोक निघालेत, आणि डिमेन्शियाचे साठीच्या पुढचे ८८ लाख धरतात. या दोन आकड्यांत दोन्हीकडं मोजली जाणारी माणसं किती असतील याचा विचार मी रात्री करत बसतो, कारण रात्री साडेआठला आईची गोळी मी स्वतःच्या हाताने देतो आणि झोपेपर्यंत ती चार-पाच वेळा विचारायची, घेतली का रे मी? घेतलीस आई, म्हणायचो. स्टीलची रिकामी वाटी आता मुद्दाम तिच्या उशाशी ठेवतो, गोळी घेतली की वाटी पालथी. पालथी वाटी दिसली की ती परत विचारत नाही.

येत्या महिन्यात आईची पुढची तपासणी आहे. त्या दिवशी तिच्या मागं रांगेत जी माणसं बसलेली असतील त्यांना वरच्या दोन प्रश्नांपैकी एक तरी प्रश्न कुणी विचारेल असं काही तुमच्याकडून होईल का, एवढं कळवा.

आपला,
सांगली जिल्ह्यातला एक मुलगा