साखर 'काठावर' असते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहावर आपण छापता ते लेख मी न चुकता वाचते. गोळ्या, इन्शुलिन, नवी इंजेक्शने यांची माहिती त्यात भरपूर असते. आजार जडण्याआधी हातात असलेल्या वर्षांबद्दल मात्र फार थोडे वाचायला मिळते, म्हणून हे पत्र.

माझ्या यजमानांची उपाशीपोटीची साखर पंचेचाळिशीत ११८ आली होती. 'काठावर आहे, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर; गोळी नको, काळजी घ्या' असे सांगितले गेले. आम्हाला हायसे वाटले आणि रिपोर्ट कपाटात गेला. काळजी म्हणजे बिनसाखरेचा चहा, एवढेच आम्हाला ठाऊक. ताटात भात, पोळी आणि बटाट्याची भाजी तशीच राहिली. लोकलने दमून घरी यायला साडेआठ, जेवण झाले की टीव्ही, मग झोप. पुढे मधुमेह जडला, मूत्रपिंडे गेली. शेवटची तीन वर्षे त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेताना तो ११८चा आकडा मला रोज आठवायचा.

कारण त्याच टप्प्यावर गाडी वळवता येते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने अशाच काठावरच्या भारतीयांचा सुमारे तीन वर्षे अभ्यास केला. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. चालणे आणि आहारातील बदल यांमुळे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. म्हणजे गोळीइतकेच काम चालण्याने आणि ताटाने केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात काठावरचे लोक १३ कोटी ६० लाख आहेत. यातले कितीतरी रिपोर्ट आमच्यासारखेच कपाटात पडले असतील.

एकट्याने हे निभत नाही, हे मी घरात पाहिले आहे. यजमान गेल्यावर आम्ही चौघीजणी रात्रीच्या जेवणानंतर इमारतीच्या आवारात फेऱ्या मारू लागलो. पंधरा-वीस मिनिटे, फार नाही. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्शुलिनवर फारसे अवलंबून राहात नाहीत. म्हणून जेवणानंतरचे चालणे साखरेला विशेष मानवते. हळूहळू खालच्या मजल्यावरचे काका आले, मग ऑफिसातून उशिरा येणाऱ्या सुना-मुले. कुणी दिसले नाही की बेल वाजवून 'काय वहिनी, आज नाही का?' असे विचारले जाते. मला वाटते, त्या बेलमुळेच हे टिकले.

ताटाचेही तसेच. सोसायटीच्या मीटिंगला आता वेफर्सऐवजी मटकीची उसळ किंवा काकडी-शेंगदाण्याची कोशिंबीर असते. उपासाची साबुदाणा खिचडी आपण हलकी समजतो, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निम्मे ताट भाज्या आणि फळांचे असावे, असे सांगते. आपल्या घरी भाजी डावीकडे वाटीभर, तीही पुरुषांना आधी. बायकांच्या वाट्याला उरलेला रस्सा आणि शिळी पोळी येते, हे बदलल्याशिवाय घराचे आरोग्य सुधारणार नाही. लोणचे-पापडाचे मीठही मोजायला हवे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि रक्तदाबाचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

सकाळी आमच्या ठाण्यात कचराळी तलावावर किंवा उपवनला जा, चालणाऱ्यांची गर्दी दिसते. पण त्यांत बरेचसे निवृत्त किंवा मोकळा वेळ असलेले. ज्यांची साखर आत्ता काठावर आहे ते चाळिशीतले लोक त्या वेळी सहा-सातची लोकल पकडत असतात. त्यांना वेळ मिळतो तो रात्री नऊनंतर, आणि तेव्हा आमच्या भागातल्या बागेला कुलूप असते. पदपथावर दुचाकी उभ्या, मधेच उखडलेल्या लाद्या. माझ्या वयाच्या बाईने अंधारात तिथे पाय टाकू नये.

बागा रात्री दहापर्यंत उघड्या राहाव्यात, तिथे पुरेसे दिवे असावेत आणि पदपथ चालण्यासाठी मोकळे असावेत, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, ही विनंती. तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते, हेही एकदा ठळक छापावे. आमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या दोघींना ते माहीतच नव्हते. गेल्या महिन्यात मी त्यांना घेऊन गेले. एकीची साखर काठावर निघाली. आता ती कामावर येताना दोन स्टॉप आधी उतरून चालत येते.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे