गोरँ यांची ओळख एका ओळीपुरती नको

संपादक महोदय,

फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक ज्याँ-लूक गोदार यांच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख मनापासून आवडला. पण त्यात दिग्दर्शक ज्याँ-पिएर गोरँ यांची बोळवण ‘गोदार यांचे सहकारी’ एवढ्यावरच झाली, हे खटकलं.

१९६८नंतर गोदार यांनी स्वतःचं नाव मागे ठेवून ‘झिगा वेर्तोव गट’ या सोव्हिएत माहितीपटकाराच्या नावाच्या गटातर्फे चित्रपट केले. त्यामागची डावी वैचारिक धग बरीचशी गोरँ यांची होती. १९७१मध्ये गोदार मोटरसायकलच्या अपघातात जबर जखमी झाले. त्यानंतरच्या ‘तू व्हा बियँ’चा (१९७२) मोठा भार गोरँ यांनी उचलला. सॉसेजच्या कारखान्यात कामगार मालकाला त्याच्याच कचेरीत कोंडतात आणि दुमजली इमारत बाहुलीघरासारखी समोरून उघडी दिसते, ते दृश्य विसरता येत नाही. त्याच वर्षीचा ‘लेटर टू जेन’ मात्र मला आजही टोचतो. अमेरिकी अभिनेत्री जेन फोंडा यांच्या, व्हिएतनाम युद्धाच्या काळात हनोईत घेतलेल्या एका छायाचित्रावर हे दोघे पुरुष जवळजवळ तासभर बोलत राहतात आणि तिला बोलायला जागाच ठेवत नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात गोरँ कॅलिफोर्नियाला गेले आणि सॅन डिएगोच्या विद्यापीठात अनेक वर्षं सिनेमा शिकवत राहिले. तिथे त्यांची क्रांती विझली, असं मानणाऱ्यांनी त्यांचा ‘पोटो अँड काबेंगो’ हा माहितीपट जरूर पाहावा. त्यात आपसात स्वतःच्याच भाषेत बोलणाऱ्या दोन जुळ्या बहिणी आहेत. वार्ताहर आणि तज्ज्ञ तिथे धावले. ही नवी भाषा नसून घरातल्या इंग्रजी-जर्मनची मोडतोड आहे, असा निर्वाळा मिळाला आणि सगळ्यांचा रस आटला. गोरँ मात्र थांबले. घरची पैशाची ओढाताण, जर्मन बोलणारी आजी, मुलींनी ‘बटाटा’ या एकाच शब्दाचे केलेले नाना उच्चार, हे सगळं ते कान देऊन ऐकतात. निवेदनही त्यांचंच, फ्रेंच वळणाच्या इंग्रजीतलं. परक्या भाषेत बिऱ्हाड केलेल्या माणसालाच हे ऐकू आलं असावं, असं मला वाटतं.

पुढे ‘रूटीन प्लेझर्स’मध्ये त्यांनी खेळण्यातल्या रेल्वेचे छांदिष्ट आणि चित्रकार-समीक्षक मित्र मॅनी फार्बर यांची चित्रं शेजारी-शेजारी ठेवली, तर ‘माय क्रेझी लाइफ’मध्ये लाँग बीचच्या सामोअन टोळीतल्या पोरांना त्यांच्याच बोलीत बोलू दिलं. ‘लेटर टू जेन’मध्ये न दिलेली जागा इथे त्यांनी दिली.

या तीन चित्रपटांवर पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे