नाना, तुमच्यामुळे दांड्यांवर हात बसला

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

अमळनेर तालुक्यातील आमच्या शाळेच्या मैदानासाठी गवत कापण्याचे झिरो-टर्न, म्हणजे बसून चालवायचे आणि जागच्या जागी वळणारे यंत्र आले आणि ते चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे सोपवली गेली, तेव्हा ऐन निंदणी-कोळपणीच्या दिवसांत घरची कामे मागे ठेवून तुम्ही सकाळी मैदानावर येत राहिलात. यंत्र पोहोचवायला आलेल्या माणसाने किल्ली फिरवून दाखवली, सही घेतली आणि तो निघून गेला; खरे शिक्षण तुमच्याकडून मिळाले. त्याबद्दल तुमचे आभार मी तोंडी मानले आहेत, परंतु माझ्या ओळखीत काही लॉन्सवाले आणि शाळा असे यंत्र घेण्याच्या विचारात आहेत, तेव्हा तुमची शिकवण त्यांच्याही वाचनात यावी, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

ज्याचे हात वर्षानुवर्षे ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बसले आहेत, त्याला या यंत्रावर ओळखीचे काहीच सापडत नाही. मांड्यांसमोर दोन दांडे असतात; डावा दांडा मागचे डावे चाक चालवतो आणि उजवा दांडा उजवे. पुढची दोन लहान चाके नुसती मोकळी फिरतात, दिशा देण्यात त्यांचा काहीही वाटा नसतो. दोन्ही दांडे सारखे पुढे नेले की यंत्र सरळ जाते, मध्यावर आणले की थांबते, मागे ओढले की मागे येते, आणि एक पुढे व एक मागे केला की जागच्या जागी फिरते. पुस्तिकेत एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात मात्र नवखा हात दांडे जरा जोरात ढकलतो, यंत्र झेप घेते, त्या हिसक्याने अंग मागे जाते, अंगाबरोबर दांडेही मागे ओढले जातात, यंत्र गचकन थांबते, अंग पुन्हा पुढे येते आणि दांडे पुन्हा पुढे ढकलले जातात. हे हिसके कशाने थांबतात, ते पुस्तिकेत सांगितलेले नव्हते.

ते तुम्ही एका वाक्यात सांगितले. “कासरा धरस ना, तसा धर,” असे म्हणून तुम्ही माझी कोपरे अंगाशी टेकवलीत, मनगटे मांडीवर ठेवायला लावलीत आणि दांडे मुठीत आवळण्याऐवजी बोटांत धरायला सांगितले. औताचे बैल डावीकडे वळवायचे असले की डावा कासरा किंचित ओढायचा असतो, आणि येथेही डावा दांडा किंचित मागे घेतला की यंत्र डावीकडेच वळते. आयुष्यातील बरीच वर्षे बैलजोडी हाकून नंतर नाशिककडील एका रिसॉर्टच्या हिरवळीवर हेच यंत्र चालवलेल्या माणसालाच हा दुवा दिसू शकतो. मनगट मांडीवर टेकलेले असले की अंगाला बसलेला हिसका दांड्यापर्यंत पोहोचत नाही, हे त्यामागचे कारण मला नंतर उमजले.

तुम्ही लावून दिलेला क्रम मला विशेष मोलाचा वाटतो. प्रथम पाती बंद, इंजिन संथ, आणि मैदानावर मारलेल्या फक्कीच्या रेघेवरून सरळ जाण्याचा सराव. नजर चाकाजवळ न ठेवता रेघेच्या टोकाला असलेल्या निंबावर ठेवायची, हे तुमचे सांगणे मी आजही पाळतो. त्यानंतर वळण. जागच्या जागी फिरणे हे या यंत्राचे वैशिष्ट्य असले तरी आतले चाक एका जागी घासले की त्याखालची हरळी मुळासकट सोलली जाते, म्हणून ओळीच्या शेवटी वेग कमी करून, थोडे मागे घेऊन, दोन्ही चाके फिरती ठेवूनच वळायचे, हे तुम्ही स्वतः करून दाखवलेत. आमच्या मैदानाच्या कडेला आज एकही सोललेला गोल दिसत नाही.

काळ्या जमिनीविषयी तुम्ही जे सांगितले, ते परदेशात छापलेल्या कोणत्याही पुस्तिकेत मिळाले नसते. पाऊस उघडला म्हणून लगेच यंत्र काढायचे नाही, वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती चिकटेनाशी होईपर्यंत थांबायचे. नाहीतर चाकांना चिखल चिकटतो, मागची चाके घसरतात, आणि या यंत्राचे वळणे व थांबणे दोन्ही मागच्या चाकांवरच अवलंबून असल्यामुळे ती घसरली की चालवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणूनच बोरी नदीकडे उतरणारी पट्टी तुम्ही यंत्राला वर्ज्य केलीत. बहुतेक पुस्तिका १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर जाऊ नका असे सांगतात, परंतु ओल्या काळ्या मातीवर त्याहून कमी उतारही धोक्याचा असतो, हे तुमचे मत मला पूर्णपणे पटते. ती पट्टी आम्ही हातातल्या ब्रश कटरने कापतो, आणि उलटण्यापासून वाचवणारी मागची लोखंडी कमान उभी असताना सीटचा पट्टा बांधल्याशिवाय यंत्र सुरू करत नाही.

पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो, त्यामुळे एखादा खडा उडाला तर काय होईल, हे तुम्ही मुलांना समजावून सांगितले. तेव्हापासून कापणीच्या आधी मैदान फिरून दगड वेचले जातात आणि कापणी चालू असताना तेथे कोणीही थांबत नाही. कुंपणाच्या बाभळीचे काटे टायरमध्ये रुततात, एका बाजूची हवा हळूहळू उतरते, मग दांडे सारखे धरूनही यंत्र एकीकडे ओढू लागते आणि गवतही तिरपे कापले जाते. हे तुम्ही आधीच सांगून ठेवले होते, म्हणून यंत्र उजवीकडे ओढू लागले तेव्हा मी दांड्यांच्या जोडणीला हात न लावता आधी टायरची हवा मोजली.

१५ ऑगस्टच्या ध्वजवंदनापूर्वी मैदान कापून तयार होते. गवत फार वाढलेले होते, तरी एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही, हा तुमचा नियम मोडला नाही. दोन टप्प्यांत कापले आणि हिरवळ पिवळी पडली नाही. आता शाळेतील शिपाई भाऊंनाही मी याच क्रमाने शिकवत आहे. ते सध्या फक्कीच्या रेघेवर आहेत.

एक विनंती आहे. पात्यांची धार काढण्याची वेळ आली आहे आणि धार काढल्यावर पात्याचा तोल कसा तपासायचा, हे मला तुमच्याकडून शिकायचे आहे. कापसाच्या वेचणीतून सवड झाली की कळवा. गाडी घेऊन मी स्वतः न्यायला येईन.

आपला ऋणी,
शाळेचे मैदान सांभाळणारा तुमचा विद्यार्थी