मामा, पाय कोरडे राहिले

मामा, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मामा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फायबरचं काम करणारे मामा म्हटल्यावर ओळखणारे ओळखतीलच. आभार तोंडी मानले असते, पण तुम्ही लगेच विषय बदलता. शिवाय पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर माझ्या गाडीचे लोअर, म्हणजे पायांपुढं बसवलेल्या फायबरच्या ढाली, बघून पोरं विचारतात, कुठं केलं, किती पडले, गरम होत नाही का. दर वेळी तुमचंच डोकं मी माझ्या तोंडानं सांगतो. आता एकदाचं लिहूनच टाकतो.

गाडी रॉयल एनफिल्डची सुपर मीटिअर ६५०, विंडस्क्रीनवाली. काच छाती झाकते, गुडघ्याखाली सगळं उघडं. फुलेवाडी नाका सोडला की बालिंगा, कळे, साळवण करत गगनबावड्याला पोचेपर्यंत जुलैत रेनकोट आतून कोरडा आणि बुटात पाणी, हे आम्हा नवरा-बायकोचं ठरलेलंच. म्हणून हार्लेच्या मोठ्या लोअरचे फोटो घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही फोटो बघितले, मोबाईल परत दिला आणि विचारलंत, "पाणी येतंय कुठनं?"

वरनं येतंय, अजून कुठनं येणार? तुम्ही काही बोलला नाहीत. गाडीच्या गार्डला (पडल्यावर मार खाणारी इंजिनपुढची वाकवलेली नळी) आणि इंजिनच्या कडेला लोकरीचे धागे चिकटवलेत आणि म्हणालात, कागलपर्यंत जाऊन ये, शेजारनं कुणाला तरी व्हिडिओ काढू दे. मेव्हण्यानं शेजारच्या गाडीवर मागं बसून काढला. गुडघ्याजवळचे धागे सरळ मागं उडत होते. घोट्याजवळचे मात्र आत वळून वर चढत होते. वळवाच्या पावसानंतर रस्ता ओला असताना परत बघितलं, तर पुढच्या चाकानं उडवलेलं पाणी त्याच वाटेनं नडगीवर येत होतं. मग तुम्ही पुढच्या मडगार्डला रबराची लांब पट्टी लावलीत, जुजबी पैसे घेतलेत आणि पिटाळलंत. "अर्धं पाणी इथंच थांबतंय का बघ, मग फायबरचं बोलू."

खरंच अर्ध्याच्या आसपास थांबलं. मोठं काम हातात येत असताना गिऱ्हाइकाला आधी रबराची पट्टी लावून घालवणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

बाकीच्या अर्ध्यासाठी लोअर. तयार आणून का बसवत नाही, हा पोरांचा पहिला प्रश्न. बाजारातले बरेचसे हार्लेच्या टूरिंग गाड्यांच्या मापाचे असतात. त्यांच्या गार्डची नळी सव्वा इंची, त्यामुळे क्लॅम्पही त्याच मापाचे. आपल्या गार्डची नळी वेगळी आणि वाकही वेगळा. क्लॅम्प आवळत बसलं तरी तो फिरणार, आणि फिरला की लोअर बुटावर. पत्र्याचं करायचं तर वजन, खडखड आणि गंज. एबीएस प्लास्टिकचा मोल्ड, म्हणजे साचा, एका गाडीसाठी परवडत नाही. राहिलं फायबर. आपटलं तर तडकतं, पण मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन लावून परत जोडता येतं. तुम्ही काम मे महिन्यातच उरकायला लावलंत, कारण पावसाळी दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. तेव्हा मला ती घाई वाटली होती.

सगळ्यात जास्त वेळ पुठ्ठ्यात गेला. कापायचा, टेपनं चिकटवायचा, हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवायचं, परत कापायचा. दोघांना पुढून गाडी दाबायला लावलीत. पुढच्या शॉकअपचा प्रवास १२० मिलिमीटर आहे, तो पुरता दबला तरी चाक, मडगार्ड, काहीच पुठ्ठ्याला लागता कामा नये. या गाडीचे फुटरेस्ट पुढं असल्यामुळं बुटाचा पुढचा भाग कुठं येतो तेही खडूनं आखलंत. खालची कड फुटरेस्टपेक्षा वर ठेवलीत. गाडी वळणावर झोपली तर आधी फुटरेस्ट घासला पाहिजे, फायबर नाही. आणि बाहेरची कड गार्डच्या आत, म्हणजे गाडी पडलीच तर मार गार्डनं खायचा.

गरम होण्याचं बोलायलाच हवं. या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही, हवा आणि तेल यांवरच ते थंड होतं. मधोमध ऑइल कूलर. हार्लेनं २०१४ च्या काही टूरिंग मॉडेलांत लोअरच्या आतच रेडिएटर बसवले, तिथं कंपनीनं हवेचा हिशेब आधीपासून केलेला असतो. आपण वरून काही लावतो तेव्हा तो आपणच करायचा. मला हवं होतं तसं रुंद लोअर तुम्ही साफ नाकारलंत. कूलर उघडा, सिलिंडरच्या फिन्सना (गार होण्यासाठीच्या पात्यांना) समोरून हवा, सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटं अंतर. उरलेल्या जागेत जे बसेल ते लोअर. आकार सुपासारखा, आत किंचित खोलगट, म्हणजे हवा पायाच्या बाहेरून निघते आणि आडव्या वाऱ्यात सपाट फळीसारखा धक्का बसत नाही. शिरोलीजवळ पंचगंगेच्या पुलावर ट्रक शेजारून गेला की याची किंमत कळते.

बसवण्यात तुमचा हात दिसतो. फ्रेमला एकही भोक नाही, वेल्डिंग नाही. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी, फायबरला बोल्टपेक्षा मोठं भोक पाडून त्यात रबरी बूच, मोठे वायसर, थरथरीनं सैल न होणारे नायलॉक नट. थरथर रबरात जिरते, नाहीतर फायबर भोकापासूनच चिरत जातं. वरचे दोन नट हातानं फिरतील असे केलेत, म्हणून मार्च ते मे लोअर माळ्यावर असतात. उन्हाळ्यात सिग्नलला उभं राहिल्यावर ते लावलेले असते तर पिंढऱ्या भाजल्या असत्या.

आता निकाल. माझे पाय गगनबावड्यापर्यंत कोरडे. मागं बसणारीचं म्हणणं, "माझ्या टाचा अजून भिजतात, मामांना सांगा." सांगितलं. तुमचं उत्तर मला माहीत आहे: मागच्याचं पाणी मागच्या चाकाचं, त्याला वेगळा इलाज.

एक काम आहे. गडहिंग्लजचा मित्र त्याची सुपर मीटिअर घेऊन पुढच्या आठवड्यात येतोय. त्याचं गार्ड दुसऱ्या बनावटीचं आहे, नळीचं माप घेऊनच ये म्हटलंय. तेव्हा आपला मोल्ड मोडू नका. आणि या वेळी मजुरी नीट सांगा, तो माझ्यासारखा घासाघीस करणारा नाही.

तुमचा,
विंडस्क्रीनवाला